गॅरेजमधली जुनी गाडी आणि पेट्रोलचा वास



दोन हिवाळ्यांपूर्वी आमच्या घरी पोळीला पेट्रोलचा वास येऊ लागला. आधी पिठाला दोष दिला, दुकान बदलले, मग पिठाचा ब्रँड बदलला. वास तसाच! शेवटी लक्षात आले की दहा किलोचे पोते आपण ठेवतो गॅरेजमध्ये, फ्रीझरच्या शेजारी, आणि त्याच्यापासून चार फुटांवर उभी असते आमची १९६८ सालची मॉरिस मायनर. पीठ, तांदूळ, डाळी, लोणी अशा गोष्टी वास चटकन धरतात. पीठ फेकून दिले, पण त्यानंतर जो विचार मनात आला तो जास्त अस्वस्थ करणारा होता. गॅरेजच्या बरोबर वर मुलांची झोपायची खोली आहे.

त्यानंतर आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, जे हात काळे करून शिकलो, ते इथे एकत्र लिहून ठेवत आहोत. मंडळातल्या आणखी काही घरांत जुन्या गाड्या आहेत, आणि ‘जुनी गाडी म्हटली की वास येणारच’ हे वाक्य आम्ही प्रत्येकाकडून ऐकले आहे. ते अर्धेच खरे आहे.

सर्वात आधी एक सूचना. गॅरेजचे दार उघडताच नेहमीपेक्षा खूप जास्त वास आला, किंवा गाडीखाली ओले दिसले, तर दिव्याचे बटण दाबू नका. चालू असेल तर बंदही करू नका, कारण ठिणगी दोन्ही वेळा पडते. गॅरेजचे मोठे दार हाताने उघडा (विजेवर चालणारे असेल तर त्याला हात लावू नका), घरातून सर्वांना बाहेर काढा आणि दूर जाऊन ९९९ ला फोन करून फायर ब्रिगेड मागा. बाकी सारे वाचन नंतर.

जुन्याच गाडीला वास का?

आजच्या गाडीची पेट्रोलची टाकी बाहेरच्या हवेला थेट उघडी नसते. टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात जाते, तिथे शोषली जाते, आणि इंजिन चालू झाले की ते ती वाफ ओढून जाळून टाकते. अमेरिकेत ही व्यवस्था १९७० च्या सुमारास आली, युरोपात नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या ब्रिटिश गाड्यांत टाकी सरळ बाहेर श्वास घेते, कधी झाकणाच्या बारीक भोकातून, कधी वेगळ्या नळीतून. कार्ब्युरेटरची वाटीही हवेला उघडीच असते.

आपल्याकडच्या गाड्यांची कुळकथाही तीच. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सने पन्नासच्या दशकात मॉरिस मायनरच ‘बेबी हिंदुस्थान’ नावाने विकली. अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीन, आणि कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी म्हणजे फियाट ११००. पण आपल्याकडे गाडी उभी असायची वाड्याच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, चारी बाजूंनी वारा. इथे आपण तीच गाडी विटांच्या बंद खोलीत ठेवतो आणि त्या खोलीला घरात उघडणारे दार असते. फरक गाडीत कमी आणि खोलीत जास्त आहे.

थोडे गणित

पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडते, म्हणजे इथल्या कडाक्याच्या थंडीतही ते ‘झोपलेले’ नसते. वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर जात नाही, पाण्यासारखी जमिनीवर पसरते आणि खोलगट जागी साठते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ टक्के झाले की ठिणगीने भडका उडू शकतो.

एक लिटर पेट्रोल पूर्ण उडून गेले तर अंदाजे पावणेदोनशे ते दोनशे लिटर वाफ होते. आमचे गॅरेज ५ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, २.३ मीटर उंच, म्हणजे सुमारे २९ घनमीटर. वाफ सारखी मिसळली तर एक लिटरने जवळजवळ अर्धे गॅरेज पेटण्याजोगे होईल. पण ती सारखी मिसळत नाही, खाली राहते. जमिनीपासून फूटभर उंचीचा थर धरला तर पाव लिटर पेट्रोल पुरते. एक पेलाभर! हा हिशेब कागदावर मांडला त्या दिवशी आम्ही गाडी बाहेर काढली.

आता दुसरी बाजू. टाकीच्या नुसत्या ‘श्वासाने’ किती वाफ बाहेर पडते? मायनरची टाकी साडेसहा गॅलनची, म्हणजे २९ लिटरच्या आसपास. ती अर्धी रिकामी असली आणि गॅरेज सकाळी १० अंशांवरून दुपारी २० अंशांवर गेले, तर आमच्या हिशेबाने तीन-चार लिटर वाफमिश्रित हवा बाहेर पडते. त्यात पेट्रोल असते काही ग्रॅम. रात्री टाकी थंड होते, ताजी हवा आत ओढते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपले नाक पेट्रोल अगदी सूक्ष्म प्रमाणात ओळखते, त्यामुळे एवढ्याने वास येतो, पण सहसा भडका उडत नाही.

म्हणून वासाचे दोन प्रकार वेगळे करायला शिकावे. रोजचा, हलका, उन्हाच्या दिवशी वाढणारा वास हा बहुधा श्वास असतो. अचानक वाढलेला, गाडी चालवून आणल्यावर किंवा टाकी भरल्यावर येणारा, एका कोपऱ्यात जास्त जाणवणारा वास म्हणजे गळती, असे धरून चालावे. पहिला कमी करता येतो. दुसरा सहन करायचाच नसतो.

म्हणजे पहिला हलका वास निरुपद्रवी असेही नाही. पेट्रोलमध्ये बेंझिन असते (ब्रिटनमध्ये २००० सालापासून जास्तीत जास्त १ टक्का), आणि ते कर्करोगकारक आहे. घराला जोडून गॅरेज असेल तर घरातल्या हवेतले बेंझिन वाढते, असे कॅनडाच्या आरोग्य विभागानेही नोंदवले आहे. मुले वर झोपत असतील तर हे विसरू नये.

गळती शोधणे

गाडी बाहेर काढा, उघड्यावर, इंजिन थंड. टॉर्च एलईडीचा घ्या. जुना पिवळ्या बल्बचा हॅंडलॅंप नको, तो पडून फुटला की तप्त तार उघडी पडते. सोबत पांढरी चिंधी आणि धीर हवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले असल्याने एक सवय उपयोगी पडली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग दोन दिवस थांबून वास बघायचा. सगळे एकदम बदलले की नेमके काय चुकत होते ते कधीच कळत नाही.

पहिला संशय रबरी नळ्यांवर घ्या. चिंधी नळीवरून घट्ट फिरवा आणि हुंगा. चिंधीला पेट्रोलचा वास आला तर नळीतून पेट्रोल झिरपते आहे, मग बाहेरून ती कितीही कोरडी दिसो. हे हल्ली जास्त होते त्याचे कारण इथेनॉल. ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल म्हणजे ई१० झाले, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही. रबर फुगते, मऊ होते, मग सुकल्यावर तडकते. नवी नळी घेताना तिच्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलेले आहे का ते पाहा. ही जात इथेनॉल सहन करते आणि तिच्यातून वाफही फार कमी झिरपते. नुसती ‘फ्युएल होज’ म्हणून मिळणारी स्वस्त नळी घेऊ नका. आम्ही एकदा घेतली, दोन वर्षांत हाताने तुकडे पडले. ती कापडी वेष्टनाची सुंदर नळी, जी जुन्या गाडीत शोभून दिसते, तिच्या आत काय चालले आहे ते वेष्टनामुळे दिसतच नाही. नळीबरोबर क्लिपाही बदला. आणि पेट्रोल भरताना पंपावर ९७ ऑक्टेन किंवा वरचे ‘सुपर’ घ्या, ते अजून ई५ म्हणून मिळते. ई१० न चालणाऱ्या गाड्यांसाठी सरकारचा सल्लाही हाच आहे.

दुसरा संशय टाकीचा वरचा भाग. टाकीत तोंड घालून बसलेल्या पेट्रोल-मापकाच्या भोवती एक रबरी वॉशर असतो. पन्नास वर्षांनी तो बिस्किटासारखा होतो. तसेच भरण्याच्या नळीचा जोड. ज्यांच्याकडे एमजीबी आहे त्यांनी विशेष बघावे, तिची टाकी वरून गंजते, कारण टाकी आणि डिकीचा तळ यांच्यामध्ये चिखल साठून ओला राहतो. अशी गाडी अर्धी टाकी असेपर्यंत शहाण्यासारखी वागते आणि पूर्ण भरली की वास मारते. जुन्या मिनीत टाकी डिकीतच असते, त्यामुळे तिथे वास आला तर तो थेट माणसे बसतात तिथे पोचतो.

तिसरा, कार्ब्युरेटर. एसयू कार्ब्युरेटरच्या वाटीत एक तरंगणारा गोळा आणि त्याला जोडलेली सुई असते, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखीच. सुईखाली कचरा अडकला की पेट्रोल थांबत नाही, वाटी भरून वाहते आणि खाली सांडते. विजेचा एसयू पंप असलेल्या गाड्यांत याची फार सोपी परीक्षा आहे. किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका. पंप टिकटिक करेल आणि वाटी भरली की थांबेल. टिकटिक चालूच राहिली तर पेट्रोल कुठेतरी जाते आहे, किंवा पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे. आमच्याकडे नेमके हेच होते. मिनिटाला पाच-सहा टिका, इतक्या सावकाश की आम्हाला ते गाडीचे गोड आवाज वाटत होते! सुई आणि तिची बैठक बदलली, आणि वासाचा मोठा भाग गेला.

यात एक गोष्ट सांगायला हवी. मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या बहुतेक गाड्यांना एमओटी सक्तीची नाही. पैसे वाचतात हे खरे, पण वर्षातून एकदा कोणी परका माणूस गाडीखाली वाकून पेट्रोलच्या नळ्या बघायचा, तेही थांबले. आम्ही स्वखुशीने एमओटी करतो.

टाकी भरून ठेवावी की रिकामी?

यावर जुन्या गाडीवाल्यांत दोन पंथ आहेत आणि दोघेही हट्टी. भरलेल्या टाकीत मोकळी जागा कमी, म्हणून श्वास कमी, आतून गंज कमी. पण आग लागलीच तर जळायला २९ लिटर. शिवाय वर सांगितलेला वॉशर कुजका असेल तर भरलेली टाकीच झिरपते. पूर्ण रिकामी टाकी सर्वात सुरक्षित वाटते, पण ‘रिकाम्या’ टाकीत थोडे पेट्रोल राहतेच आणि वाफ भरपूर असते. अर्धी टाकी मात्र वासाच्या दृष्टीने वाईट.

आमचे मत असे: गळती नाही याची खात्री असेल आणि गाडी तीन-चार महिनेच उभी राहणार असेल तर टाकी जवळजवळ भरून ठेवावी, काठोकाठ नव्हे, उन्हात पेट्रोल फुगते. वर्षभर उभी राहणार असेल तर जाणत्या मेकॅनिककडून टाकी रिकामी करून वाळवून घ्यावी. घरी गॅरेजमध्ये नळी लावून पेट्रोल काढणे हा उद्योग करू नका. तोंडाने ओढणे तर नाहीच.

आणखी एक बारकावा. इथे हिवाळ्याचे आणि उन्हाळ्याचे पेट्रोल वेगळे असते. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून हिवाळी पेट्रोल जास्त उडणारे करतात. जानेवारीत भरलेले पेट्रोल जूनमध्ये टाकीत असेल तर ते अधिक वाफ सोडते. गाडी वसंतात उभी करणार असाल तर हे लक्षात ठेवा.

कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपवून गाडी उभी केली तर आणखी फरक पडतो. पंपाची वायर काढा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, पण अंगणात. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवल्यास कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला तर वासही नसतो.

भोकाचे झाकण काढून घट्ट झाकण लावण्याचा मोह आम्हालाही झाला होता. तसे करू नका. टाकीला श्वास घेता आला नाही तर पंप पेट्रोल ओढताना आत निर्वात होतो, गाडी बंद पडते आणि टाकी चेपूही शकते. त्याऐवजी टाकीच्या श्वासनळीला आधुनिक गाडीतला कोळशाचा डबा जोडता येतो. आम्ही हे एका मेकॅनिककडून करून घेतले. मात्र इंजिन चालताना डब्यातली वाफ ओढून घेण्याची जोडणीही हवी, नाहीतर कोळसा काही महिन्यांत तृप्त होतो आणि डबा शोभेचा राहतो.

खोलीची बाजू

इंग्लंडच्या बांधकाम नियमांत घर आणि गॅरेज यांमधल्या दाराबद्दल स्पष्ट अट आहे. दार अर्धा तास आग थोपवणारे आणि आपोआप बंद होणारे असावे. तसेच दाराचा उंबरठा गॅरेजच्या जमिनीपेक्षा निदान १०० मिलिमीटर उंच असावा, किंवा जमिनीला बाहेरच्या दिशेने उतार असावा, म्हणजे सांडलेले पेट्रोल घरात येणार नाही. आपल्या घरी काय असते? दार आपोआप बंद होते म्हणून त्रास होतो, मग आपण त्याला पाचर लावतो किंवा चपलांचे कपाट टेकवतो. आमच्याकडे तेच होते. पाचर काढली, दाराच्या कडेची फाटलेली पट्टी बदलली, छतात वायरसाठी पाडलेली भोके आगरोधक सीलंटने बुजवली. वरच्या खोलीतला वास गेला तो मुख्यतः या कामाने. खर्चाच्या मानाने सर्वात उपयोगी काम हेच ठरले.

वारा खेळता हवा, आणि तो खालून. वाफ जड असल्याने छताजवळची जाळी एकटी पुरत नाही. समोरासमोरच्या भिंतींत जमिनीलगत जाळीच्या विटा बसवून घ्याव्यात, थंडी वाजते म्हणून त्या पुठ्ठ्याने बंद करू नयेत. साधा एक्झॉस्ट पंखा लावू नका, त्याच्या मोटारीची ठिणगी वाफेतच पडते. दुरुस्तीचा खड्डा असलेले गॅरेज असेल तर तो खड्डा म्हणजे वाफेची विहीर समजा.

मग ठिणगीच्या जागा. बऱ्याच घरांत बॉयलर गॅरेजमध्येच असतो. नव्या पद्धतीचा, बाहेरून हवा घेणारा बॉयलर त्यातल्या त्यात बरा. खोलीतलीच हवा घेणारा जुना असेल तर गाडी आणि तो एकत्र ठेवण्यापूर्वी गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाला विचारा. फ्रीझर, कपड्यांचे मशीन, हीटर, बॅटरीचा चार्जर, सगळ्यांत ठिणगी असते, आणि फ्रीझर तर रात्रंदिवस जमिनीलगत आपोआप चालू-बंद होतो. आमचा फ्रीझर आता जिन्याखाली आहे, मोदकाची उकड आणि खवलेला नारळ यांसकट. गॅरेजमध्ये धुराचा नव्हे, उष्णतेचा अलार्म लावा आणि तो घरातल्या अलार्मशी जोडून घ्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकायचे नसते, म्हणून फोम किंवा पावडरचे अग्निशामक दाराजवळ ठेवा, गाडीच्या पलीकडच्या कोपऱ्यात नको.

आणि आता खास आपल्या लोकांसाठी. वास आला की आपला हात आपोआप उदबत्तीकडे जातो. धूप, कापूर, सुगंधी मेणबत्ती, काहीही गॅरेजमध्ये लावू नका. दिवाळीत पणत्यांची रांग आपण घरासमोर मांडतो आणि इथे घरासमोर म्हणजे बहुधा गॅरेजच्या दारासमोरच. जड वाफ त्या दाराखालच्या फटीतूनच बाहेर येते. जुनी गाडी आत असेल तर पणत्या पुढच्या दाराशी मांडा, गॅरेजसमोर एलईडीच्या लावा. गणपतीची थर्माकोलची मखरेही गाडीच्या टपावर रचून ठेवू नका, थर्माकोल पेट्रोलने विरघळते आणि भराभर जळते.

न चालणारे उपाय थोडक्यात: कॉफी, कांदा, खायचा सोडा, पाण्याची बादली यांनी वाफ कमी होत नाही. ‘फ्युएल स्टॅबिलायझर’ पेट्रोल लवकर खराब होऊ देत नाही, वासावर त्याचा उपाय नाही. गाडीवर घट्ट आच्छादन घातले की वास कमी वाटतो, पण वाफ आच्छादनाखाली साठते.

सुटे पेट्रोल

गॅरेजमध्ये वास गाडीचा नसून कोपऱ्यातल्या डब्याचा किंवा गवत कापण्याच्या यंत्राचा निघाला, असेही एका मित्राकडे झाले. ग्रेट ब्रिटनमध्ये २०१४ च्या नियमांप्रमाणे घरी कोणाला न कळवता जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल ठेवता येते. प्लॅस्टिकचा डबा १० लिटरपर्यंत, धातूचा २० लिटरपर्यंत, आणि दोन्ही त्यासाठीच बनवलेले हवेत. पाण्याची बाटली किंवा रिकामा तेलाचा कॅन चालत नाही. डबा भरताना गाडीतून काढून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. शक्यतो डबा बागेतल्या शेडमध्ये, घरापासून दूर ठेवावा.

जुने, आंबूस वासाचे पेट्रोल गटारात किंवा मातीत ओतू नये. काउन्सिलच्या रिसायकलिंग केंद्रांपैकी काहीच ते घेतात, म्हणून नेण्यापूर्वी फोन करून विचारा. पेट्रोलने भिजलेल्या चिंध्या गॅरेजच्या कचराडब्यात टाकू नका. त्या आधी बाहेर उघड्यावर, मुलांपासून आणि मांजरापासून दूर, पसरून पूर्ण वाळू द्या. आमची मुख्य गळती गेल्यानंतरही आठवडाभर वास येतच राहिला होता, तो अशाच एका चिंधीचा निघाला.